चौदा नंबरची एकतीस पिल्लं

सकाळी दादाने सर्पगृहाचं कुलूप काढलं, दिवे लावले आणि नेहमीसारखा पहिल्या पेटीपासून पाण्याची भांडी बघत निघाला. चौदा नंबरच्या काचेपाशी तो थांबला. आत घोणस एका कोपऱ्यात सैल पडली होती आणि उरलेली पेटी पिल्लांनी भरली होती. वीतभर लांब, अंगावर आईसारखेच साखळीचे ठिपके, पण रंग असा लखलखीत की कुणी आत्ताच पुसून ठेवलीत असं वाटावं. दोन-तीन अजून पातळ पारदर्शक पिशवीतच गुंडाळलेली होती आणि तोंडानं पिशवीला ढुशा देत होती. आईकडे एकही वळत नव्हतं, आणि तीही कुणाकडे बघत नव्हती. घोणशीचं असंच असतं. अंडी घालायची नाहीत, पिल्लंच टाकायची, आणि टाकली की नातं संपलं.

दादाने मोजली. एकतीस. शिवाय पिल्लू न धरलेले पिवळे गोळे चार. पुन्हा मोजली, तितकीच भरली. मग तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. ही मादी तीन वर्षं एकटी होती, तिच्या पेटीत कधी नर सोडला नव्हता. त्याला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण पाण्याचं भांडं आज पिल्लांच्या खाली गेलंय, ते काढायला लांब चिमटा लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

सगळं केंद्र त्याला दादा म्हणायचं, कारण तिथं त्याचा सख्खा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्याच्या हाताखाली कामाला होता. भावाला सगळे धाकटा म्हणत. केंद्राचं काम सापांचं विष काढून सर्पदंशावरची लस बनवणाऱ्यांकडे पाठवायचं. विष काढायचं काम डॉक्टरबाईंचं. पेट्या धुणं, उंदीर घालणं, वजनाला साप धरून देणं हे दोघा भावांचं. सात महिन्यांपूर्वी याच चौदा नंबरच्या पेटीतलं भांडं काढताना हीच घोणस धाकट्याच्या मनगटाला डसली. लस दोन खोल्या पलीकडे होती, वेळेवर दिलीही. तरी मूत्रपिंडं बंद पडली आणि चौथ्या दिवशी धाकटा गेला.

पाचव्या दिवशी दादा कामावर आला. तो रडला नाही म्हणून लोक आधी कुजबुजले, मग आपापल्या कामाला लागले. चौदा नंबरला तो इतरांसारखाच उंदीर घालायचा. हिचा राग येत नाही का, असं एकदा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, तिच्या जवळ हात आला, ती चावली, तिचं काय चुकलं. पहारेकऱ्याला ते फार मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. ते तसं नव्हतं. दादाला राग येत नव्हता, तशी भूकही लागत नव्हती आणि झोपही येत नव्हती. तो वेळ झाली की जेवायचा आणि वेळ झाली की आडवा व्हायचा.

नाहीतर तीस वर्षं साप सांभाळलेल्या माणसाला गाभण मादी दारातून ओळखू येते. ती उंदीर तोंडात धरत नाही. पेटीच्या उबदार बाजूला दिव्याखाली पसरून पडते. शेपटीकडचं अंग इतकं भरतं की खवल्यांमधली कातडी दिसायला लागते. चौदा नंबर दोन महिने खात नव्हती, दिव्याखालून हलत नव्हती, आणि दादा रोज तिच्यासमोरून जात होता. त्याने हे सगळं पाहिलं होतं. पण पाहिलेलं डोळ्यांतच राहिलं, पुढे गेलं नाही. तशा अवस्थेत तिला दोनदा पकडून विषही काढलं गेलं. डॉक्टरबाईंच्या हातालाही कळलं नाही, पण त्या नव्या होत्या, येऊन वर्ष झालेलं.

निरोप मिळताच डॉक्टरबाई धावतच आल्या. काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि आनंद लपवायचं त्यांना जमेना. मग त्यांनी पेटीवरचं कार्ड काढून वाचलं. रानातून आणली तो दिवस, वजनं, विष काढल्याच्या तारखा. नर सोडल्याचा रकाना कोरा. त्यांनी विचारलं, ही खरंच एकटी होती का. दादा म्हणाला, होती. त्या म्हणाल्या, मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि दोन-तीन वर्षांनीही त्यावर पिल्लं देते, असं त्यांनी वाचलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. असं म्हणून त्या साहेबांना सांगायला गेल्या.

साहेब आले ते बोटांवर महिने मोजतच. ते सापांचे माणूस नव्हते, कागदाचे होते. पण घोणस सहा-सात महिने पोटात पिल्लं वागवते एवढं त्यांना माहीत होतं. मागे मोजत ते बरोबर त्या आठवड्यात जाऊन थांबले ज्या आठवड्यात धाकटा गेला. 

केंद्राचा नियम असा की मादीच्या पेटीत नर सोडायचा तर साहेबांच्या सहीनं, आणि दोन माणसं समोर बसवून. कारण जोडी तासन् तास चालते. नर जिभेनं मादीचा माग घेत येतो, तिच्या पाठीवर हनुवटी घासत सरकत जातो, शेपटीखाली शेपटी घालायला बघतो. तिला नको असलं तर ती फूत्कारते, आणि तेव्हा पेटीचं झाकण उघडणाऱ्याचं काही खरं नसतं. दोघं भाऊ अशा वेळी खुर्च्या टाकून समोर बसायचे. धाकटा चहाचा कप घेऊन नराला सल्ले द्यायचा. अरे, एवढी घाई नको, आधी ओळख तरी करून घे. एकदा दोन नर चुकून एकत्र आले, तर ते अर्धं अंग उभं करून एकमेकांना दाबत, पाडत राहिले. नव्या शिपायाला वाटलं जोडीच लागली आहे, आणि तो लाजून बाहेर गेला. धाकटा त्यावर आठवडाभर हसत होता.

आणि हाच धाकटा चौदा नंबरसमोरून जाताना दर वेळी म्हणायचा, बिचारी एकटीच कुढते, हिचं कुणीतरी जुळवून द्या रे. साहेबांसमोरसुद्धा म्हणाला होता. आता साहेबांना ते आठवलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दादाला खुर्ची दिली. म्हणाले, अपघाताची चौकशी मी मिटवली होती, हात भांड्याजवळ गेला असं मीच लिहिलं. धाकट्याच्या बायकोला त्याच्या जागी घ्यायचा कागद वर गेलाय, चार दिवसांत सही होऊन येणार होता. पण आता वरून विचारणार, पिल्लं आली कुठून. नर सोडला गेला असेल तर सहीशिवाय, एकट्यानं. म्हणजे तो मेला तो नियम मोडताना मेला. तसं असेल तर जागा मिळत नाही, आणि केंद्राची खोलीही महिन्याभरात सोडावी लागते.

"तुम्हाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा," साहेब म्हणाले. "मला शुक्रवारी लिहून पाठवायचंय."

दादा म्हणाला, मला माहीत नाही. आणि ते खरंच होतं.

ती खोली म्हणजे केंद्राच्या मागच्या चाळवजा इमारतीतल्या दोन खोल्या. पुढची धाकट्याची, मागची दादाची. दादाने लग्न केलं नव्हतं, भावजयीच्या हातचं जेवत आला होता. ती त्याला दादाच म्हणायची. सात महिने दोघं एकाच घरात राहत होते आणि पाणी घ्या, दिवा घालवा, याच्यापलीकडे बोलत नव्हते. भांडण नव्हतं. बोलायला लागलं की मध्ये धाकटा येणार, म्हणून दोघंही कडेकडेनं चालत.

त्या संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि त्याने जेवता जेवता सगळं सांगितलं, पिल्लं, बोटांवरचा हिशोब, शुक्रवार. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा तसाच होता जसा रोज असायचा. तिने भाजीचं पातेलं झाकलं, पुन्हा उघडलं, पुन्हा झाकलं.

"त्यांनी सोडला होता का नर?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

दादाने विचार केला. धाकटा थट्टेखोर होता, पण सापाशी थट्टा करणारा नव्हता. हे एक. दुसरं असं की तो कधी कधी दुपारी एकटाच पेट्यांजवळ रेंगाळायचा. दोन्ही खरं होतं. "काही वाटत नाही," तो म्हणाला. "वाटणं बंद झालंय."

"माझंही," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "खोली सोडायची तर मला भावाकडे जावं लागेल. भाऊ ठेवून घेईल. वहिनी रोज विचारेल की चहात साखर किती घालू, आणि मी सांगेन की घालू नका." मग तिने त्याच्या ताटात अजून वाढलं आणि त्याने ते खाल्लं.

दादाला एक गोष्ट माहीत होती. ती तो पाच वर्षं कुणाला सांगत नव्हता, आणि धाकट्यानेही ताकास तूर लागू दिली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी सहा नंबरच्या घोणशीने असाच एका सकाळी पसारा मांडला होता. बावीस पिल्लं. तीही दोन वर्षं एकटीच होती. त्या वेळचे साहेब तापट. कुणी नर सोडला, म्हणून दोघांनाही घालवलं असतं.  धाकटा नुकताच कायम झाला होता, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. दादाने दार आतून लावलं. नऊ नंबरच्या मादीबरोबर त्या वर्षी रीतसर, सहीनं, नर सोडलेला होता, आणि ती काही गाभण राहिली नव्हती. दादाने आकड्याच्या काठीनं बावीसही पिल्लं एकेक करून टोपात घेतली, टोप नऊ नंबरच्या पेटीत रिकामा केला, सहा नंबरची पेटी धुतली. कार्ड त्यानेच भरलं. नऊ नंबर, पिल्लं बावीस. तापट साहेब खूश झाले. पिल्लांचा फोटो काढून त्यांनी तो कचेरीत लावला, आणि तो अजून तिथंच होता, खाली नऊचा आकडा घालून.

ते सांगितलं तर दिसेल की या घरात नराशिवायही पिल्लं झालेली आहेत, म्हणजे बीज साठवणं हे नुसतं पुस्तकातलं नाही. मग धाकट्यावर बोट ठेवता येणार नाही. पण सांगितलं तर कार्ड खोटं भरणारा दादा. सर्पगृहात खोट्या कार्डाला माफी नाही. कुठल्या पेटीत कसा हात घालायचा हे माणूस कार्ड बघूनच ठरवतो. हे नियम करणाऱ्यांपेक्षा दादालाच जास्त पटलेलं होतं. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा.

असा पेच पडला की माणूस रात्रभर तळमळतो असं म्हणतात. दादा आडवा झाला आणि झोपला. सकाळी उठून तो सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जसं पेट्यांच्या पाण्याचं सांगतो तसं.

बाई आधी चिडल्या. पाच वर्षं त्या कार्डाच्या आधारे नऊ नंबरला चांगली आई मानून तिच्याच जोड्या लावल्या गेल्या होत्या, आणि दर वर्षी ती कोरडी राहिली की सगळे नराला दोष देत. दोन नर त्यापायी बदलले होते. मग त्या म्हणाल्या, दादा, हे तुम्ही आज सांगताय, भावजयीची जागा अडकल्यावर. साहेब म्हणतील ही गोष्ट काल बसून रचली. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल?

 दादा दाराकडे वळला. मग त्याला वजनाची वही आठवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या सापांची वजनं होत. साप तो धरी, पण आकडे जुने डॉक्टर स्वतःच्या हातानं लिहीत, आणि ती वही कार्डांशी कधी कुणी ताडून बघितली नव्हती. कार्डावर दादाने वजनंही आपल्या मनानं बेताची घातली होती. वहीत नाही.

बाईंनी कपाटाच्या खालच्या खणातून वही काढली. पाच वर्षांपूर्वीचा महिना सापडायला वेळ लागला, पानं एकमेकांना चिकटली होती. नऊ नंबर, पिल्लांच्या आधीच्या सोमवारी आणि नंतरच्या सोमवारी, दोन्ही वेळा तेवढंच वजन, चार-पाच ग्रॅमचा फरक. बावीस पिल्लं टाकलेली मादी तेवढीच कशी भरेल? सहा नंबर, त्याच दोन सोमवारी, वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं घसरलेलं. शेजारी जुन्या डॉक्टरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, आजारी असावी, लक्ष ठेवा.

बाईंनी दोन्ही ओळींखाली बोट फिरवलं. "हे पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घालवायलाही पुरेसं आहे."

"होय," दादा म्हणाला.

दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी वही वाचली, कार्डं मागवली, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. बाईंनी समजावून सांगितलं की रानातून येताना मादी बीज घेऊनच येते. पहिलं वर्ष-दीड वर्ष पिंजऱ्यात ती हडकते, अंगावर चरबी नसते तोवर पिल्लं धरत नाही. खाऊन-पिऊन भरली की साठवलेलं वापरते. सहा नंबरचं तसंच झालं, चौदाचं तसंच असणार. साहेबांनी विचारलं, असणार, की आहे? बाई म्हणाल्या, पेटीत नर नव्हता असं शपथेवर मी सांगू शकत नाही, तसा नर होता असंही कुणी सांगू शकत नाही. साहेब या उत्तरावर बराच वेळ पेन फिरवत बसले. कागदाच्या माणसाला असं उत्तर आवडत नाही, पण त्यातून काय लिहायचं हे त्याला कळतं. त्यांनी लिहिलं की मृतावर ठपका ठेवण्यास आधार नाही.

मग दुसरा कागद घेतला. दादाकडे न बघता म्हणाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत म्हणून काढत नाही. सर्पगृहात मात्र उद्यापासून यायचं नाही. उंदीरखान्यात जायचं. किल्ल्या बाईंकडे द्या.

दादाने किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि टेबलावर ठेवला. तीस वर्षांत तो दिवसा कधी कमरेवरून उतरला नव्हता. काहीतरी व्हायला पाहिजे म्हणून तो जरासा थांबला. काही झालं नाही. पट्टा सैल झाला, तो त्याने एक भोक पुढे ओढला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, दादा, आजचा दिवस तर तुमचा आहे ना. पिल्लांचे नर-मादी वेगळे करायचेत, आणि मला एवढ्या लहानांचं येत नाही.

दुपारभर दोघं त्या कामाला बसले. पिल्लू जन्मतःच विषारी, त्यामुळे आधी त्याला चिमट्यानं पारदर्शक नळीत शिरायला लावायचं, डोकं आत अडकलं की मागचं अंग हातात. मग शेपटीच्या मुळाशी अंगठा टेकवून हलकेच पुढे दाबत न्यायचा. नर असेल तर फटीतून दोन इवलेसे गुलाबी काटे बाहेर येतात, दोन्ही बाजूंना एकेक. मादी असेल तर काही येत नाही. जोर जास्त झाला तर पिल्लू जन्माचं निकामी. दादाच्या अंगठ्याला तो जोर माहीत होता. तो म्हणायचा, नर. बाई लिहायच्या. मादी. मादी. नर. एकदा बाईंनी हात पुढे केला, त्याने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं आणि विचारलं, कळलं? त्या म्हणाल्या, नाही. पुढच्या पिल्लाला म्हणाल्या, कळलं वाटतं. चौदा नर, सतरा माद्या झाल्या. एकेक डबा, एकेक चिठ्ठी, झाकणाला भोकं. शेवटचा डबा मांडणीवर ठेवून दादाने हात धुतले आणि घरी गेला.

सही होऊन आलेला कागद मंगळवारी मिळाला. तिलाही उंदीरखान्यातच नेमलं होतं, कारण सर्पगृहात नवी बाई घ्यायला साहेब धजेनात. केंद्रानं तिला करड्या रंगाचा कोट दिला. तिने तो स्वयंपाकघरात उभं राहून अंगात घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि दादासमोर येऊन उभी राहिली. खांद्यावरून तो खाली घसरत होता.

"कार्डाचं तुम्ही आधी सांगितलं असतं तर?" तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. "तेव्हाच, पाच वर्षांपूर्वी?"

"तर तेव्हा आम्हा दोघांनाही घालवलं असतं."

ती ते मनात धरून उभी राहिली. दोघांनाही घालवलं असतं. मग धाकटा सात महिन्यांपूर्वी त्या पेटीजवळ नसता. हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. दादाने जमिनीकडे बघितलं. त्याच्या छातीत कुठेतरी, फार खोल, कुणीतरी पेटीचं झाकण हलवल्यासारखं झालं, आणि पुन्हा सगळं शांत झालं.

ती कोटाची बटणं लावत होती. खालचं बटण लागेना.

"मोठा आहे," ती म्हणाली.

"दोन धुण्यांत आटतो," दादा म्हणाला. "चल, उंदरांना सातला खायला लागतं."